शाबासकीची चांदणी

परवा आमच्या चिरंजीवांना स्वच्छतेबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले. मिळाले म्हणजे मोबाइलवर उतरले. नाव घातले, जिल्हा रत्नागिरी निवडला, समोर आलेली शपथ डोळ्यांखालून घातली, एक बटण दाबले आणि तीन मिनिटांत रंगीत प्रशस्तिपत्र हजर! आधी ते मित्रांना गेले, मग आजीला दाखवण्यात आले. आजी नुकतीच अंगण झाडून ओटीवर टेकली होती.

"छान आहे हो," ती म्हणाली. "पण झाडलंस काय?"

"शपथ घेतली, आजी."

"बरं. मग झाडण्याचं निराळं मिळत असेल."

मला हसू आले. पण खरे सांगायचे तर ही हौस आपल्याला नवी नाही. इंग्रजी अमदानीत 'रावसाहेब', 'रावबहादूर' या पदव्यांसाठी भलेभले झुरत. खुद्द गांधीजींना १९१५ साली 'कैसर-ए-हिंद' सुवर्णपदक मिळाले होते. १९२० साली त्यांनी ते सरकारला परत केले, तेव्हा त्या परत करण्याला अर्थ होता. कारण पदकामागे दक्षिण आफ्रिकेतील सेवा होती. तीन मिनिटांचे प्रशस्तिपत्र परत केले, तर कोणाचे काय अडणार?

आता सार्वजनिक कामही मोबाइलवर आले आहे. केंद्र सरकारने २६ जुलै २०१४ रोजी 'मायगव्ह' सुरू केले, तेव्हा नागरिकाने चर्चेत मत मांडावे, सोपवलेले काम करावे आणि त्याबद्दल गुण मिळवावेत, अशी योजना होती. कल्पना वाईट नव्हे. रस्त्यातला खड्डा कळवणाऱ्याला एरवी 'शाबास' कोण म्हणतो? २०११ साली मोझिला या संस्थेने 'ओपन बॅजेस'ची कल्पना मांडली. तीत बिल्ल्याच्या पोटातच माहिती असते : कोणी दिला, कोणाला दिला, कशासाठी दिला आणि पुरावा काय. म्हणजे आजीच्या प्रश्नाचे उत्तर बिल्ल्यातच!

पण बिल्ल्याने माणूस खरोखर कामाला लागतो काय? विकिपीडियावर विनामोबदला लिहिणाऱ्यांत एकमेकांना चांदणी देण्याची चाल २००३ साली पडली. तिला 'बार्नस्टार' म्हणतात. एक लेखक दुसऱ्याच्या पानावर ती कारणासह चिकटवतो. २०१२ साली दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी विकिपीडियावर सर्वांत जास्त राबणाऱ्यांतून त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काहीजण निवडले आणि त्यांना चांदणी दिली. पुढच्या ९० दिवसांत त्यांचे काम, चांदणी न मिळालेल्यांच्या मानाने, ६० टक्के अधिक भरले. पैसा नाही, मानपान नाही. आपले काम कोणीतरी पाहिले, एवढेच.

याची साक्ष मी स्वतः देऊ शकतो. मराठी विकिपीडियावर मी अधूनमधून लिहितो. दोन वर्षांपूर्वी कंटाळून सोडले होते. एके रात्री माझ्या पानावर एक चांदणी दिसली आणि खाली दोन ओळी : अमुक लेखातील सनावळी तपासून दुरुस्त केलीत, आभारी आहे. देणाऱ्याचा चेहरा मी आजही पाहिलेला नाही. पण त्या सुट्टीत मी पुन्हा लिहायला बसलो. घरात कोणाला बोललो नाही, इतकेच. माझा आनंद चिरंजीवांच्या आनंदाहून फारसा प्रौढ नव्हता.

आजीचा टोला ऐकल्यावर मात्र त्या रात्री एक गोष्ट टोचली. मी स्वतः आजवर कोणालाही एकही चांदणी दिलेली नव्हती. एक गृहस्थ तिथे मुकाट्याने शुद्धलेखनाच्या चुका काढीत असतात. मी मराठीचा प्राध्यापक, तरी पुष्कळदा माझ्याही. त्यांच्या पानावर गेलो. 'उत्तम कार्य' असे लिहून मोकळे होणे सोपे होते. पण मग शपथेच्या प्रशस्तिपत्रात आणि त्यात फरक काय उरला? म्हणून त्यांनी हात लावलेले लेख एकेक उघडून पाहिले आणि मग दोन वाक्ये लिहिली.

त्या दोन वाक्यांना पाऊण तास लागला.