सरड्याची धाव जाळीपर्यंत



मागच्या आठवड्यात मंदिरात एका मैत्रिणीने मला बाजूला घेतलं. तिच्या नातवाला रंग बदलणारा सरडा, म्हणजे शॅमेलिऑन, पाळायचा आहे. "तू लेकाकडे असताना पाहिलास ना? पिंजरा कसा करायचा ते सांग," म्हणाली. सांगते. पण पिंजऱ्याआधी एक हिशोब मांडते. तो न मांडता आमच्या घरी जनावर आलं, आणि मग माझी झोप उडाली.

गेल्या वर्षी मी सहा महिने मुलाकडे डॅलसला होते. नातवाच्या मित्राचं कुटुंब गाव सोडून निघालं आणि जाताना त्यांचा शॅमेलिऑन नातवाला देऊन गेलं. येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातली ही जात, डोक्यावर उंच तुरा असलेली. नातवाने नाव ठेवलं मिरची. राहायला काचेची जुनी माशांची पेटी, ती एसीच्या झोताखाली, आणि पाण्याची वाटी. वाटी भरलेली तशीच राहायची. चार दिवसांत त्याचे डोळे खोल गेले, अंग काळपट पडलं. मला सरड्यातलं काही कळत नाही, पण तहानलेला जीव मला ओळखता येतो.

सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं की हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही. त्याला पाणी ओळखू येतं ते पानावरच्या थेंबात. काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, तो दुसरा सरडा समजून घाबरतो. आणि अतिनील किरणांचा दिवा नसेल तर त्याच्या अंगात कॅल्शियम मुरत नाही, हाडं मऊ होऊन वाकतात.

मग आम्ही घर बदललं. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच असा जाळीचा पिंजरा आणला आणि टेबलावर ठेवला, कारण आपण वरून पाहिलं की त्याला भीती वाटते. आत बोटाएवढ्या जाडीच्या आडव्या फांद्या बांधल्या, मनी प्लांट आणि जास्वंदीची कुंडी ठेवली. हा पानंही खातो, म्हणून झाडं बिनविषारी आणि बिनफवारणीची हवीत. अतिनील किरणांची नळी जाळीच्या वर, त्याच्या बसायच्या फांदीपासून वीतभर अंतरावर. ती नळी दिसायला चालू असली तरी किरण कमी होतात, म्हणून वेळेवर बदलावी लागते. एका कोपऱ्यात उबेचा दिवा, त्याखाली साधारण तीस अंश, बाकी पिंजरा थंड. दिवे बारा तास चालू, रात्री पूर्ण अंधार. सकाळ-संध्याकाळ पानांवर बारीक फवारा, आणि दिवसा थेंब थेंब गळणारं भांडं. तळाला माती-भुसा काही नाही, रोज पुसून घ्यायचं. पिंजऱ्यात एकच जीव, जोडी कधीच नाही. मादी असेल तर नराशिवायही अंडी घालते, तिला खणायला ओलसर वाळूची खोल पेटी लागते. आणि सारखं हातात घ्यायचं नाही. त्याला माया कळत नाही, फक्त पकड कळते.

फवाऱ्याचं काम मी घेतलं. पहिल्या दिवशी मिरचीने पानावरचे थेंब टिपले ते मी पाच मिनिटं उभी राहून पाहिलं. बरं वाटलं.

पण पाण्याने पोट भरत नाही. मिरचीचा आहार म्हणजे जिवंत रातकिडे. डब्यात पाळायचे, त्यांना चांगलं खाऊ घालायचं, वर कॅल्शियमची भुकटी लावायची आणि आत सोडायचे. डाळ, पनीर, मेलेला किडा असलं काही त्यावर भागत नाही. मी बी.कॉम. झालेली बाई, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. एक दिवसाआड पाच धरले तरी वर्षाला नऊशेच्या वर, आणि पाच वर्षांत साडेचार हजारांच्या वर जीव. आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तानंतर जेवत नाही, कंदमुळं घरात आणत नाही. आणि स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत हा डबा किरकिरतोय.

दशलक्षण पर्वात तिकडच्या घरी आम्ही ऑनलाइन स्वाध्यायाला बसत होतो. रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय. सातव्या दिवशी अहिंसाणुव्रताचे अतिचार आले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणापासून पाठ आहेत. त्या दिवशी मात्र पहिल्या आणि शेवटच्या शब्दाला अडखळले. बांधून ठेवणं हा दोष, आणि बांधलेल्याचं अन्नपाणी तोडणं हाही दोष. किडे दिले तर वध, नाही दिले तर अन्नपाननिरोध. पिंजऱ्याचं दार लावलं त्या क्षणी तिसरी वाट बंद झाली होती.

मी स्वतः किड्यांच्या डब्याला कधी हात लावला नाही, आणि तेवढ्यावर मनाची समजूत घालत होते. पण रोज शाळेतून आल्यावर नातवाला विचारायचे, "मिरचीला खायला घातलंस का?" हे नणंदबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "वहिनी, कृत नसेल तुमचं, पण कारित झालंच की!" राग आला. दोन दिवसांनी पटलं. हिंसा करणं, करवून घेणं आणि तिला मान डोलावणं, तिन्ही खात्यांत नोंद होते. आपला हात स्वच्छ राहिला म्हणून खातं कोरं राहत नाही.

काही जणी म्हणतील, सोडून द्यायचं होतं झाडावर. येमेनचा प्राणी टेक्सासच्या थंडीत टिकला नसता, आणि तगला असता तर तिथल्या जीवांवर पडला असता. ती दया नव्हे, ती आपली सुटका. दुसऱ्या कुणाला द्यावा, तर किडे तिथेही तेवढेच मरणार.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जो प्राणी दुसऱ्या जिवावर जगतो, तो हौसेसाठी घरात आणू नये. रानात तो किडे खातो त्यात त्याला दोष लावणारी मी कोण? तो त्याचा स्वभाव, त्याचं कर्म. पण आपण विकत आणून, कोंडून, त्याच्यासाठी किडे विकत घेतो, तेव्हा त्या हिंसेचे मालक आपण होतो. हिंस्र प्राणी पाळणं आपल्याकडे अनर्थदंडात, म्हणजे विनाकारण ओढवून घेतलेल्या पापात धरलं आहे. त्यातलं 'विनाकारण' मला आता कळलं. संसारात टाळता न येणारी हिंसा थोडी का आहे, की वर हौसेची भर घालावी?

मात्र घरात आलाच असेल, तर 'आम्ही जैन, आम्ही किडे देणार नाही' म्हणून त्याला उपाशी मारणं हा धर्म नाही. उपवास स्वतःच्या इच्छेने करतात, दुसऱ्यावर लादत नाहीत. त्याचं घर नीट करा, पाणी द्या, डॉक्टर दाखवा, त्याचं आयुष्य पुरं होऊ द्या. आणि दुसरा आणू नका.

इथल्या मैत्रिणींसाठी आणखी एक. आपल्या शेतात, कुंपणावर दिसणारा रंग बदलणारा सरडा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी जातींची सरकारकडे नोंदणी करावी लागते, त्यात हे शॅमेलिऑनही आले. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

आपल्याकडे म्हणतात, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. निदान कुंपणापर्यंत तरी ती त्याची स्वतःची धाव असते. मैत्रिणीला मी सांगितलं, नातवाला गच्चीत जास्वंद लावून दे. सरडे, फुलपाखरं आपसूक येतील, पोट भरून आपसूक जातील.

क्षमावाणीच्या दिवशी मी सगळ्यांची क्षमा मागितली, तेव्हा नातवाने विचारलं, "आजी, रातकिड्यांची पण?" म्हटलं, त्यांची आधी. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, मिरचीनंतर आपण कुणाला आणायचं नाही.

मिरची आहे अजून, चांगला आहे. व्हिडिओ कॉलवर मी अजूनही पहिल्यांदा हेच विचारते, फवारा मारलास का? दुसरा प्रश्न ओठांवर येतो. तोही विचारते, आणि रात्री प्रतिक्रमणात त्याची आलोचना करते.

जय जिनेंद्र.