माशी वाकडी, शिक्षा शिपायाला

थ्री नॉट थ्री रायफलीची टिंगल करायची आता रीतच पडली आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत सीएसटी स्टेशनात दोन अतिरेकी एके-४७ घेऊन घुसले. आपल्या पोलिसांकडे कुठं ही जुनी रायफल, कुठं नुसती काठी. तेव्हापासून पारावर बसलेला माणूससुद्धा म्हणतो, "भंगार हो ते, इंग्रजाच्या काळातलं." २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला संचलनात निरोप दिला, तेव्हाही लोक हसलेच. मला हे हसणं पटत नाही.

एके-४७ पुढं ती कमी पडते, कबूल. दर गोळीला बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, यात वेळ जातो. पण हळू असणं वेगळं आणि वाकडं असणं वेगळं. त्याच रात्री त्याच स्टेशनात रेल्वे सुरक्षा दलाच्या झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली थ्री नॉट थ्री घेतली आणि अतिरेक्यांवर गोळ्या झाडल्या. हत्यार जुनं होतं म्हणून ते थांबले नाहीत.

आता वाकडेपणाचं बघू. नळीच्या टोकाला दोन लोखंडी कानांच्या मधे एक उभं पातं असतं, ती माशी. मागं असते खाच. खाचेत माशी बरोबर मधोमध दिसली, डोकं खाचेच्या काठाला लागलं, की नेम बसला. या दोघींच्या मधलं अंतर साधारण एक हात. तेवढ्याशा अंतरात माशी एक मिलिमीटर बाजूला असली, तर शंभर यार्डांवर गोळी सात इंच बाजूला जाते. तीनशे यार्डांवर जवळजवळ दोन फूट. म्हणजे माणसाचा नेम अगदी बरोबर, आणि गोळी शेजारच्याला!

या रायफलीच्या आधीच्या नमुन्यात मागची खाच डावी-उजवीकडं सरकवता यायची. पहिल्या महायुद्धात रायफली भराभर पाहिजे होत्या, म्हणून ती सोय काढून टाकली. मग उरली फक्त माशी. तिचा नियम भल्याभल्यांना उलटा वाटतो. गोळी उजवीकडं जात असेल तर माशीही उजवीकडंच सरकवायची. गोळी वर जात असेल तर माशी उंच बसवायची. त्यासाठी कमी-जास्त उंचीच्या माश्या मिळायच्या. शिवाय लाकडाचं बघावं लागतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नळीवर दाबतं, आणि माशी सरळ असूनही गोळी भरकटते. यात कुठलीही गूढ विद्या नाही. बैलगाडीचा आख बघणाऱ्या सुताराला हे एका दिवसात शिकवता येईल.

तरुणपणी एका शिबिरात आम्हा खेड्यातल्या पोरांना ही रायफल मिळाली. माझ्या पाचही गोळ्या टार्गेटच्या उजव्या कोपऱ्यात. शिकवणारा गरजला, "नांगर धरायची लायकी तुमची!" आणि रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तिथं एक पेन्शनर हवालदार आले होते. त्यांनी कागद बघितला, पाचही भोकांवर तळहात ठेवला, सगळी झाकली. म्हणाले, "पोराचा हात सरळ हाय. माशी वाकडी हाय." पारख एवढीच आहे. रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवून पाच गोळ्या मारा. भोकं इकडंतिकडं विखुरली तर दोष माणसाचा, नाहीतर झिजलेल्या नळीचा. भोकं एका जागी पडली, पण भलत्याच जागी, तर दोष माशीचा. हवालदारांचं ऐकलं कुणी? दुसऱ्या दिवशी तीच रायफल पुढच्या तुकडीला दिली, आणि त्या पोरांनीही फेऱ्या मारल्या.

माझं भांडण इथं आहे. दुकानदाराच्या काट्यावर सरकारी शिक्का लागतो, तोही ठरावीक मुदतीनं. शिक्का नसला तर दंड. साखर कारखान्याच्या काट्यावर शंका आली की आम्ही शेतकरी ट्रॅक्टर आडवे लावतो. किलोभर उसासाठी एवढी जागरूकता, आणि ज्या हत्याराच्या एका गोळीवर माणसाचा जीव अवलंबून, त्याच्या माशीची पारख होण्याआधीच शिपायाला गुण द्यायचे? प्रत्येक रायफलीच्या नंबरापुढं तिची पारख कधी झाली ते लिहा. ती वही बघा, मगच शिपायाला नापास करा. नवी रायफल आली म्हणूनही हे चुकत नाही. कोरी करकरीत रायफलसुद्धा जुळवूनच घ्यावी लागते. आज जुनीला भंगार म्हणून सुटणारे उद्या नवीलाही तेच म्हणतील.

आमच्या भांडगावची पोरं पहाटे अंधारात सोलापूर रस्त्याच्या कडेनं धावतात. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे ५ आणि ७ नंबरचे गट आहेत, ती वर्दी त्यांच्या डोळ्यांपुढं असते. भरतीत त्यांची उंची १६८ सेंटिमीटर भरते का बघतात, छाती फुगवून मोजतात. एक सेंटिमीटर कमी पडला की पोरगं घरी. मोजा, जरूर मोजा. पण जी रायफल त्यांच्या हातात देणार, तिची माशीही त्याच काटेकोरपणानं मोजा.