खिशातली सुरी: धार हवी, धाक नको

दारात येणारी पार्सले, सुतळीने शिवलेली तांदळाची गोणी, गच्चीवरच्या कुंडीतली वाळकी फांदी, आग्र्याच्या वाटेवर गाडी थांबवून घेतलेले पेरू. दिल्ली, नोएडा किंवा गुडगावात राहणाऱ्या कुटुंबाला अशी कामे रोजच पडतात. अशा वेळी कुणी दाताने दोरी तोडतो, कुणी किल्लीने चिकटपट्टी फाडतो, तर कुणी दाढीच्या ब्लेडने बोट कापून घेतो. मग मनात येते की एखादी लहानशी, चांगल्या धारेची सुरी खिशात किंवा पर्समध्ये असती तर बरे झाले असते.

इच्छा रास्त आहे. पण बाजारात गेल्यावर दुकानदार जे पुढे करील ते उचलून आणणे मात्र रास्त नाही. विशेषतः राजधानीत तर नाहीच. कारण येथे एका प्रकारचा चाकू खिशात सापडला तर पोलीस चौकी आणि कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

कायदा काय बघतो?

शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. शस्त्राची व्याख्या करताना तो केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू वगळतो. त्यामुळे भाजी चिरायची सुरी किंवा विळा हे शस्त्र ठरत नाही. शस्त्रांच्या नियमांत मापेही दिली आहेत. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाचे चाकू त्यातूनही वगळले आहेत.

एवढे वाचून कुणालाही वाटेल की ५-६ इंचांचा कोणताही चाकू चालतो. येथेच लोक फसतात. याच कायद्याच्या कलम ४ खाली सरकार एखाद्या भागापुरते अधिक कडक बंधन घालू शकते, आणि दिल्ली प्रशासनाने २९ ऑक्टोबर १९८० च्या अधिसूचनेने ते घातले. बटण दाबताच उघडणारे, स्प्रिंगचे, 'कटर्र कटर्र' आवाज करत उघडणारे गरारीदार किंवा अशाच एखाद्या यांत्रिक युक्तीने उघडमीट होणारे चाकू तिच्यात येतात. पात्याची लांबी ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक असली की हे बंधन लागू होते. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर ३ इंच.

या अधिसूचनेच्या आधारे दिल्लीत वर्षानुवर्षे खटले भरले गेले. अशाच एका बटनदार चाकूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये खटला रद्द केला. ही बंदी उत्पादन, विक्री, विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी बाळगणे यांबाबत आहे आणि आरोपपत्रात तसा आरोपच नव्हता, हे त्याचे कारण होते. आरोपी सुटला खरा, पण त्यासाठी त्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. मजेखातर खटक्याचा चाकू घेऊन फिरणाऱ्या कॉलेजकुमाराच्या आईवडिलांनी यातून काय तो बोध घ्यावा.

हिंदी चित्रपटांनी 'रामपुरी'ला भलतेच वलय दिले आहे. मार्च २०२३ मध्ये तर उत्तर प्रदेशातल्या रामपूर शहरात चौकात २० फुटी चाकू उभारला गेला. चौकातला चाकू बघायला ठीक आहे. खिशातला मात्र अंगाशी येतो.

न मिटणारी सुरी का बरी?

म्यानात राहणाऱ्या साध्या सुरीला बटण नसते, स्प्रिंग नसते, खटका नसतो. उघडमीट करण्याची युक्तीच नसल्याने १९८० च्या अधिसूचनेतल्या वर्णनात ती बसत नाही. शिवाय कामालाही ती सरस असते. तिच्यात सांधा नसतो, त्यामुळे जोर लावताना पाते अचानक मिटून बोटावर येत नाही. फळ कापल्यावर फटीत रस अडकत नाही. धुतली, पुसली की झाले. फिनलंडमध्ये 'पुक्को' नावाची अशीच लहान सुरी पिढ्यान्‌पिढ्या कमरेला लावत आले आहेत. तिचा उपयोग लाकूड तासायला, मासे साफ करायला.

मात्र परदेशी जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रिटनमध्ये नियम जवळजवळ उलटा आहे. तेथे ३ इंचांपर्यंतचा साधा मिटणारा चाकू खिशात चालतो, पण न मिटणारी सुरी सार्वजनिक ठिकाणी नेण्यास सबळ कारण लागते. मुलाला लेस्टर किंवा लंडनला शिकायला पाठवताना सामानात दिल्लीची सुरी कौतुकाने भरू नये. एवढेच कशाला, यमुना ओलांडून नोएडात गेले की उत्तर प्रदेश आणि गुडगावला गेले की हरियाणा लागतो. दिल्लीची अधिसूचना दिल्लीपुरती आहे. शेजारच्या राज्यांचे आदेश वेगळे असू शकतात, आणि सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात पोलिसांचे मनाईहुकूमही निघतात. म्हणून सुरी न मिटणारी असली तरी पाते ३ इंचांच्या आतच ठेवणे शहाणपणाचे.

संरक्षणासाठी नको

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये घडलेल्या अत्याचाराने देश हादरला. त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने महिलांना लहान चाकू वाटले. त्यांचे पाते जेमतेम ३ इंचांचे होते. त्यामागचा संताप खरा होता, आणि आजही रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या मुलीच्या आईला तसेच काहीसे वाटते. 'जवळ काहीतरी असू दे गं,' असे ती म्हणते.

पण हा 'काहीतरी' चाकू असावा का? चाकू चालवायचा तर हल्लेखोराच्या हाताच्या अंतरात जावे लागते, म्हणजे ज्याच्यापासून दूर पळायचे त्याच्याच जवळ. झटापटीत जास्त ताकदवान माणूस तो हिसकावून घेऊ शकतो, आणि मग तेच पाते उलटे फिरते. घाबरलेल्या हाताला पर्सच्या तळातली सुरी वेळेवर सापडेल, याचीही खात्री नाही. स्वतःचा बचाव करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेने दिला आहे. पण तो बचावापुरता आहे, आणि किती बळ वापरले याचा हिशेब मागाहून द्यावा लागतो.

दुसरी अडचण खरेदीच्या कारणाची. शस्त्राच्या व्याख्येतून सुटतात त्या केवळ घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू. 'कशासाठी बाळगता?' या पोलिसाच्या प्रश्नाला 'पार्सल, फळे, बागकाम' हे उत्तर सुरीला तिच्या जागी ठेवते. 'कुणी अंगावर आला तर' हे उत्तर तिला शस्त्राच्या रांगेत नेऊन बसवते. म्हणून मुलीच्या हाती सुरी देण्याऐवजी तिच्या फोनमध्ये ११२ हा आपत्कालीन आणि १८१ हा महिला मदत क्रमांक ठेवावा, परतीचा मार्ग घरच्यांना कळत राहील अशी सोय करावी आणि आरडाओरडा करून पळण्यात कमीपणा नाही, हे तिला सांगावे. सुरी आणायची ती कामासाठीच.

निवडताना काय बघावे?

पाते: ६ ते ७ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटरच्या आसपास रुंद पाते रोजच्या कामाला पुरते. जाडी २ ते अडीच मिलिमीटर असावी. जाड पाते रुबाबदार दिसते, पण पेरू कापत नाही, तो फोडते. धार एकाच बाजूला असावी. दोन्ही बाजूंना धार असलेले पाते म्हणजे खंजीर, त्याला घरात काही काम नाही. टोक सुईसारखे नको. पात्याची पाठ पुढे वळून धारेला मिळते, असे बोथट टोक घरात सर्वांत सुरक्षित. करवतीसारखे दाते असलेली धार घरी लावता येत नाही, म्हणून तीही टाळावी.

पोलाद: कार्बन पोलादाला धार लवकर आणि छान लागते, पण लिंबू किंवा चिंच लागली की डाग पडतात आणि पावसाळ्यात गंज चढतो. ते पुसून तेलाचा हात फिरवण्याचा कंटाळा असेल तर स्टेनलेस घ्यावे. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल मापाने सांगतात. ५६ ते ५८ हा आकडा घरगुती वापराला चांगला. त्याहून फार मऊ असेल तर धार टिकत नाही, फार कठीण असेल तर धारेचे कपचे उडू शकतात.

मूठ: दिसायला लहान सुरी हवी म्हणून मूठही आखूड घेणे ही नेहमीची चूक. निदान तीन बोटे नीट बसली पाहिजेत, चारही बसली तर उत्तम. ९ ते १० सेंटिमीटरची मूठ बहुतेकांना पुरते. पाते मुठीच्या शेवटापर्यंत आत गेलेले असावे आणि दोन-तीन रिव्हेटांनी पक्के केलेले असावे. मूठ आणि पाते यांच्यामध्ये बोट अडेल असा उंचवटा असावा, म्हणजे ओला हात पुढे सरकून धारेवर जात नाही. गुळगुळीत चकचकीत मुठीपेक्षा थोडी खरखरीत बरी.

म्यान: न मिटणाऱ्या सुरीचे अर्धे मोल म्यानात असते. दुकानातच सुरी म्यानात घालून उलटी धरावी आणि हलके झटके द्यावेत. ती सुटून पडली तर कितीही सुंदर असली तरी परत द्यावी. चामड्याचे म्यान मऊ असते, पण ओलावा धरते. म्हणून सुरी घरी त्यातच ठेवून देऊ नये. घट्ट बसणारे कडक प्लॅस्टिकचे म्यान खिशासाठी अधिक सोयीचे.

चावडी बाजारच्या हार्डवेअरच्या दुकानात घ्या की मोठ्या मॉलमध्ये, धार पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. धारेची कड उजेडाकडे धरावी. जेथे बारीक चमक दिसते तेथे धार बोथट आहे. मग वर्तमानपत्राचा कागद वरून खाली कापून बघावा. तो फाटला नाही आणि सरळ कापला गेला, तर धार चांगली.

वापर आणि निगा

बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त घात करते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. महिन्या-दोन महिन्यांनी धार लावण्याच्या ओल्या दगडावर ती घासावी. एवढ्या रुंदीच्या पात्याची पाठ दगडापासून सुमारे अर्धा सेंटिमीटर उचललेली ठेवली की कोन बरोबर राहतो. दोन्ही बाजू सारख्याच वेळा घासाव्यात. खंडेनवमीला विळी-कोयत्याची पूजा करणाऱ्या घरांत हे काम त्या निमित्ताने तरी होतेच.

कापताना धार अंगापासून दूर जाईल असे बघावे. दुसऱ्याला देताना म्यानात घालून किंवा खाली ठेवून द्यावी. हात कापलाच तर वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावे. जखम खोल असेल तर डॉक्टरांकडे जावे, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारावे.

घरून निघताना कोठे जायचे आहे, हे आठवावे. मेट्रोच्या दारात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची तपासणी असते. विमानात हातातल्या सामानात सुरी चालत नाही, ती तपासून आत जाणाऱ्या बॅगेत टाकावी लागते. शीख प्रवाशांच्या ठरावीक मापाच्या कृपाणाला देशांतर्गत विमानप्रवासात दिलेली सवलत सर्वांसाठी नाही. कोर्ट, शाळा, चित्रपटगृह, सरकारी कचेरी येथेही सुरी नेऊ नये. मुलांच्या दप्तरात तर ती कधीच जाता कामा नये. पेन्सिलला टोकयंत्र आहे.

थोडक्यात, आधी दोन दिवस कामांची यादी करावी. यादीत फक्त पार्सलेच निघाली तर कात्री पुरेल आणि पैसे वाचतील. फळे, बाग, दोऱ्या आणि प्रवास निघाला तर ३ इंचांच्या आतली, एका धारेची, घट्ट म्यानाची साधी सुरी घ्यावी. आणि यादीत 'भीती' हा एकच शब्द निघाला, तर दुकानात न जाता घरातल्यांशी बोलावे. त्या भीतीवर दुकानात औषध मिळत नाही.