वाढपी धरून तिघं

सगळ्यांचं आटोपल्याशिवाय पंगतीतून उठू नये, असं लहानपणी आपल्या प्रत्येकाला घरात कुणीतरी बजावलेलं असतं. कुणी उठलंच, तर फार तर डोळे वटारले जातात. ज्यू धर्मात मात्र या गोष्टीचा रीतसर कायदा आहे. त्याला ‘झिम्मुन’ म्हणतात.

ज्यू म्हटलं की आपल्याला कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल आठवतात. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्या या धर्मात जेवणाची मोठी प्रार्थना जेवण झाल्यावर म्हणतात. खाऊन तृप्त झालात की देवाचे आभार माना, अशी तोराची आज्ञाच आहे. खरंच आहे म्हणा, भुकेल्या माणसाला देव आठवतोच. पोट भरल्यावर तो आठवणं अवघड!

एकटा माणूस ही प्रार्थना एकट्याने म्हणतो. पण तेरा वर्षं पूर्ण झालेले तीन पुरुष एकत्र बसून रोटी जेवले, की त्यांनी आपापलं म्हणून पांगायचं नाही. एकाने बाकीच्यांना आभार मानायला बोलवायचं, त्यांनी उत्तर द्यायचं आणि मग प्रार्थना. दहा जण असले तर त्या बोलावण्यात देवाचं नावही घेतात. तिघं, चौघं किंवा पाच जण असतील तर फुटायचं नाही. सहा असतील तर तिघा-तिघांचे दोन गट चालतात.

इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात याचे बारकावे आहेत. एका घरात दोन पंगती बसल्या असतील आणि त्यांतल्या काहींना एकमेकांची तोंडं दिसत असतील, तर ती एकच पंगत समजावी. तोंडं दिसत नसतील तर? तालमूद म्हणतो, दोन्हीकडे एकच वाढपी असेल तर त्याच्यामुळे त्या जोडल्या जातात. इतकंच नव्हे, वाढता वाढता त्या वाढप्याने ऑलिव्हच्या फळाएवढा घास तोंडात टाकला असेल, तर तिघांच्या मोजणीत तोही येतो. अठराशे वर्षांपूर्वी वाढप्याला यजमानाच्या बरोबरीने मोजणारा हा नियम मला फार आवडतो.

पण वाढणाऱ्याला मोजणाऱ्या या कायद्याने रांधणारीला मात्र मोजलं नाही. पुरुषांच्या पंगतीत बाईला तिसरी म्हणून धरायचं नाही, असं तीच मिश्ना सांगते. बायका वेगळ्या जेवल्या तर आपल्यापुरतं झिम्मुन करू शकतात, ही मुभा तालमूदमध्ये आहे. 1565 साली छापल्या गेलेल्या योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरूख’ या प्रसिद्ध धर्मसंहितेनेही ती मान्य केली, तरी पिढ्यान्‌पिढ्या ती फारशी वापरली गेली नाही. आज सुधारणावादी ज्यू समाजांत बाईला पुरुषाइतकंच धरतात. सनातनी घरांतही काही ठिकाणी मुली आपलं झिम्मुन आपण करू लागल्या आहेत. तिथे हा वाद अजून मिटलेला नाही, आणि बाजू घ्यायची तर माझं मत चूल सांभाळणारीच्या बाजूने पडेल.

प्रार्थनेला पुढे कोणी व्हायचं, याचाही विचार झाला आहे. रोटी यजमानाने मोडावी, म्हणजे तुकडे मोठे पडतील. प्रार्थना पाहुण्याने सांगावी, म्हणजे यजमानाला आशीर्वाद मिळेल. आपलं ‘अन्नदाता सुखी भव’ यापेक्षा वेगळं काय आहे?

आता घाईच्या माणसाचं काय? तिघांपैकी दोघांचं जेवण झालं असेल आणि एक अजून जेवत असेल, तर त्याने दोघांसाठी घास थांबवावा, उत्तर द्यावं आणि पुन्हा जेवायला लागावं. एकट्याला घाई असेल तर मात्र दोघांनी थांबायची गरज नाही. चौथ्या शतकात बॅबिलोनियात रव पापा नावाचे मोठे पंडित होते. एकदा जेवताना त्यांचा मुलगा अब्बा मार याच्यावर हीच वेळ आली. कायद्याने बापावर काही बंधन नव्हतं. तरी रव पापा आणि बरोबरचा आणखी एक जण असे दोघेही पोरासाठी जेवता जेवता थांबले.