ओढण्याचे गणित आणि थांबवण्याचे गणित

अकरावीच्या भौतिकशास्त्रात एक उदाहरण हमखास असते. गुळगुळीत पृष्ठभागावर दोन ठोकळे ठेवलेले असतात, ते वजनरहित दोरीने जोडलेले असतात, पुढच्या ठोकळ्याला बल लावायचे आणि दोरीतील ताण काढायचा. आपण सर्वांनी हे उदाहरण सोडवले आहे आणि त्याचे गुणही मिळवले आहेत. परंतु या उदाहरणाने आपल्या मनात एक अर्धसत्य कायमचे रुजवले आहे, असे मला वाटते. दोरी केवळ ओढू शकते. ती ढकलू शकत नाही. रस्त्यावर धावणारे वाहन आणि त्यामागचा ट्रेलर यांना जोडणारी दांडी मात्र ओढतेही आणि ढकलतेही. माणसे मरतात ती बहुधा दांडी ढकलू लागते तेव्हा.

हा विषय अमेरिकेतील एका दृश्यापासून सुरू करतो. तेथे सुट्टीच्या दिवसांत महामार्गांवर भलीमोठी पिकअप वाहने दिसतात आणि त्यांच्यामागे नऊ-दहा मीटर लांबीची चाकांवरची घरे असतात. आत स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग, पाण्याच्या टाक्या असा सारा संसार. असे घर भरल्यावर सहज ४ टनांच्या घरात जाते, तर ते ओढणारे वाहन साडेतीन टनांच्या आसपास असते. म्हणजे ओढला जाणारा ओढणाऱ्यापेक्षा जड! जाहिराती अर्थातच ओढण्याच्या ताकदीच्या असतात. फोर्डच्या सुपर ड्यूटी मालिकेतील सर्वांत शक्तिशाली डिझेल इंजिन २०२३ पासून ५०० अश्वशक्ती आणि १६०० न्यूटन-मीटरहून अधिक टॉर्क देते. हे आकडे भारतातील वाहनप्रेमी तरुणांनाही तोंडपाठ असतात. पण त्या वाहनाचा जाणता चालक प्रवासाला निघण्यापूर्वी इंजिनाकडे फारसे पाहतच नाही. तो पाहतो ट्रेलरचे वजन कोठे आहे हे, आणि ट्रेलरचे ब्रेक चालतात की नाही हे.

वजनाचे आधी पाहू. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार जोडाच्या गोळ्यावर, म्हणजे ओढणाऱ्या वाहनाच्या पाठीवर, यावा असा दंडक आहे. ४००० किलोच्या ट्रेलरसाठी हा भार ४०० ते ६०० किलो होतो. आता तरफेचा नियम लावू. वाहनाच्या दोन आसांमधील अंतर ४ मीटर आहे, जोड मागच्या आसाच्या दीड मीटर मागे आहे आणि त्यावर ५०० किलोंचा भार आहे, असे धरा. मग पुढच्या आसावरून सुमारे १८७ किलो भार उचलला जातो आणि मागच्या आसावर ६८७ किलोंची भर पडते. ज्या चाकांनी दिशा बदलायची आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलायचा, तीच चाके हलकी होतात! म्हणून तेथे स्प्रिंगच्या दांड्या असलेला भारवाटप करणारा जोड वापरतात. तो या भाराचा काही हिस्सा पुन्हा पुढच्या आसावर आणि ट्रेलरच्या आसांवर पोहोचवतो.

मग जोडावर भार ठेवायचाच कशाला? कारण सामान मागे भरले तर ट्रेलर डोलू लागतो. एका विशिष्ट वेगापर्यंत हे डोलणे आपोआप शमते. त्या वेगाच्या पुढे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी शेपटीच प्राण्याला फिरवते. मागचे वजन जितके अधिक, तितका हा घातक वेग कमी. आपल्याकडे हे ज्ञान नवे नाही. पुढे जड झालेल्या बैलगाडीला ‘धुरजड’ आणि मागे जड झालेल्या गाडीला ‘उलाळ’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला वस्तुमानकेंद्राचे महत्त्व न्यूटन न वाचताही कळत होते. बैलांच्या मानेवर अति भार नको आणि जू वर उचलले जाईल इतका कमीही नको, हा समतोल तो गाडी भरतानाच साधत असे.

आता ब्रेकचे गणित. साडेतीन टनांचे वाहन आणि ४ टनांचा ट्रेलर, मिळून साडेसात टन, ताशी ९० किलोमीटर वेगाने जात असतील, तर त्यांची गतिज ऊर्जा सुमारे २३ लाख ज्यूल होते. एकट्या वाहनाची ऊर्जा ११ लाख ज्यूल. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर वाहनाच्या ब्रेकना दुपटीहून अधिक ऊर्जा उष्णतेत बदलावी लागेल. दर १०० मीटरला ६ मीटर उतरणाऱ्या घाटात हाच संच ताशी ७२ किलोमीटरने उतरत असेल, तर गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला सुमारे ८८ हजार ज्यूल ऊर्जा पुरवत राहते. प्रत्येकी एक किलोवॉटच्या ८८ इस्त्र्या एकदम तापवण्याइतकी ही शक्ती आहे. हवेचा आणि चाकांचा रोध तिचा काही भाग शोषतो. उरलेली इंजिनाने किंवा ब्रेकने पचवायची असते. म्हणूनच तेथे अनेक राज्यांत सुमारे १३६० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक सक्तीचे आहेत. ते ब्रेक विजेवर चालतात आणि चालकाजवळच्या नियंत्रकावरून केवळ ट्रेलरचेच ब्रेकही लावता येतात. डोलणाऱ्या ट्रेलरला सरळ करण्याचा तोच मार्ग आहे. मागच्याला मागे खेचले की साखळी ताणून सरळ होते. जोड तुटलाच तर एक तार खुंटी उपसते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतःला थांबवतो. किती वजन ओढता येईल हा आकडाही आता केवळ कंपनीच्या शब्दावर सोडलेला नाही. जे-२८०७ या मानकानुसार ॲरिझोनातील डेव्हिस डॅमच्या दीर्घ चढणीच्या निकषावर, वातानुकूलन चालू ठेवून, वाहनाचा कस पाहिला जातो.

अमेरिकेचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. तेथेही अनेक राज्यांत असा प्रचंड संच साध्या परवान्यावर चालवता येतो, आणि ती गोष्ट मला चिंताजनक वाटते. पण एक गोष्ट तेथे मान्य झाली आहे: ओढणे आणि थांबवणे ही दोन वेगळी गणिते आहेत आणि दुसरे अधिक कठीण आहे.

आता आपल्या रस्त्याकडे वळू. पंजाबपासून तामिळनाडूपर्यंत भारताचा ट्रेलर म्हणजे ट्रॅक्टरमागची ट्रॉली. महाराष्ट्रात गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या रस्त्यांवर एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडून उसाचे डोंगर चाललेले असतात. यांतील असंख्य ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, मागे दिवा नसतो, वजनाची पाटीही नसते. ट्रॅक्टरला ब्रेक असतात, पण ते सहसा केवळ मागच्या चाकांना.

विद्यार्थ्यांनी वहीत हे उदाहरण करून पाहावे. ट्रॅक्टर २ टनांचा, त्याच्या मागच्या चाकांवर १.३ टन भार. ट्रॉली ६ टनांची, चार चाकांची, बिनब्रेकची. घर्षणगुणांक ०.६ धरा. मिळणारे मंदन ०.६ गुणिले १.३ भागिले ८ गुणिले ९.८, म्हणजे सुमारे ०.९६ मीटर प्रति सेकंद वर्ग. ताशी ४० किलोमीटर वेगात ब्रेक दाबल्यापासून हा संच थांबायला सुमारे ६५ मीटर घेईल. सर्व चाकांना ब्रेक असते तर तेच अंतर साडेदहा मीटर झाले असते. पुढचे उत्तर अधिक भयंकर आहे. दर १०० मीटरला १० मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर गुरुत्वाकर्षणाचा उताराच्या दिशेने येणारा घटक सुमारे ०.९८ आहे. म्हणजे चालकाने ब्रेकवर उभे राहूनही ब्रेकच्या जोरावर हा संच थांबत नाही. चाकांचा रोध आणि इंजिनाचा अडसर यांच्या भरवशावरच तो सावरला तर सावरतो. शिवाय ब्रेक लावताच ट्रॅक्टरचा भार पुढे सरकतो, मागची चाके आणखी हलकी होतात आणि मागून ट्रॉली ढकलत असते. चालकाची चूक होण्याआधीच येथे भौतिकशास्त्राने निकाल दिलेला असतो.

या ट्रॉलीत माणसे बसली की दुसरे उदाहरण तयार होते. चाकांमधील रुंदी दीड मीटर आणि भरलेल्या ट्रॉलीचे वस्तुमानकेंद्र १ मीटर उंचीवर असेल, तर १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ती ताशी सुमारे ३८ किलोमीटरला उलटू लागेल. माणसे उभी राहिल्याने हेच केंद्र दीड मीटरवर गेले, तर ३१ किलोमीटरला. खड्डा आणि खचलेली बाजूपट्टी यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूर जिल्ह्यात देवदर्शनाहून परतणाऱ्यांची ट्रॉली तळ्यात उलटून पंचवीसहून अधिक जीव गेले. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी, माघी पौर्णिमेला, गंगास्नानासाठी निघालेल्यांची ट्रॉली कासगंज जिल्ह्यात तळ्यात कोसळली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. या दोन्ही अपघातांचे कारण केवळ ब्रेक होते, असा माझा दावा नाही. पण ज्या वाहनाची घडण माणसांसाठी झालेलीच नाही, त्यात माणसे का बसतात, हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही. गावाला दुसरे वाहन परवडत नाही म्हणून ती बसतात. ऊसतोड मजुरांची कुटुंबे हंगामाच्या सुरुवातीला बिऱ्हाडासह ट्रॉलीत चढतात, तेव्हा त्यांच्यापुढे पर्यायांची यादी नसते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, ब्रेक बसवण्याचा खर्च शेतकऱ्याने कोठून करायचा? आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. परंतु ट्रॉली पुढे सरकून जोडावर दाब देऊ लागली की त्याच दाबाने आपोआप लागणारे यांत्रिक ब्रेक हे काही अंतराळ तंत्रज्ञान नव्हे. गावोगावच्या ज्या कारखान्यांत ट्रॉल्या तयार होतात, तेथे त्यांचे सोपे, प्रमाणित आराखडे पोहोचवता येतील. सक्तीची सुरुवात नव्या ट्रॉल्यांपासून करावी. जुन्यांसाठी अनुदान द्यावे. ज्या साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉलीचे वजन नोंदवले जाते, त्यांनी त्या वजनाची सुरक्षिततेची जबाबदारीही वाटून घ्यावी. परावर्तक पट्टी आणि मागचा दिवा यांना तर खर्चाची सबबही लागू पडत नाही. केरळ आणि महाराष्ट्र यांनी २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे आणली. चाकांवरची घरे उद्या आपल्याही घाटांत दिसू लागतील. त्यांच्यासाठी काटेकोर नियम आणि मजुराच्या ट्रॉलीसाठी डोळेझाक, असा भेद विज्ञानाला मान्य नाही. घर्षणगुणांक प्रवाशाची ऐपत पाहत नाही.

शिक्षकांना एक विनंती. दोन ठोकळ्यांच्या त्या उदाहरणानंतर एक उदाहरण अवश्य द्या: दोरीऐवजी दांडी आहे, पुढच्या ठोकळ्याला ब्रेक आहेत, मागच्याला नाहीत आणि पृष्ठभाग उताराचा आहे. दांडीतील बलाचे चिन्ह बदलते, हे विद्यार्थ्याला स्वतः शोधू द्या. वर्गातील कोणाचे तरी वडील तो ट्रॅक्टर चालवत असतील. त्या संध्याकाळी ते उदाहरण घरी पोहोचेल, आणि घाट उतरण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, ट्रॉलीत माणसे बसवू नयेत, मागे सामान जड भरू नये, हे एका घरात तरी बोलले जाईल. कायदा व्हायचा तेव्हा होईल. हे काम उद्याच्या तासाला सुरू करता येते.