तळव्यावरचा तीळ

वज्रीने टाचा घासताना तो दिसला. मे महिन्यातली गोष्ट. आमच्या घरावर ‘घरगुती जेवणाची व राहण्याची सोय’ अशी पाटी आहे, आणि गणपतीपुळ्यात मे महिना म्हणजे काय असतो हे अशा पाटीवाल्या घरातल्या बायकांनाच ठाऊक! पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत आपण पायावर उभ्या असतो, पण पायाकडे बघायला मात्र फुरसत नसते. त्या दिवशी दुपारची शेवटची पंगत उठल्यावर न्हाणीतल्या दगडावर बसले, डावा पाय उजव्या गुडघ्यावर घेतला, तर तळव्याच्या खोलगट भागात एक काळा ठिपका. वाटलं, फणसाचा चीक लागून मळ धरला असेल. घासला. गेला नाही. पुन्हा घासला. तीळ होता.

सासूबाईंना दाखवला तर त्या खूश! ‘अगो, तळव्याला तीळ म्हणजे परदेशी जायचा योग!’ आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जिला शेजारच्या मालगुंडाला जायचं तरी चार दिवस आधी ठरवावं लागतं तिला कसला परदेश? आम्ही हसलो आणि मी कांदे चिरायला बसले. विषय संपला.

संपला नाही, कारण आठवड्याने पुण्याच्या भाचीशी बोलताना सहज सांगितलं आणि ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ‘मावशी, तळव्यावर नवा तीळ असेल तर एकदा दाखवून घे हं.’ एवढंच. पण त्या ‘हं’ने माझी झोप गेली. रत्नागिरीला त्वचेच्या डॉक्टरांकडे फोन केला. त्या बाहेरगावाहून ठराविक दिवशीच येतात. नंबर मिळाला तो १९ दिवसांनंतरचा.

मैत्रिणींनो, मला लिहायचंय ते त्या १९ दिवसांबद्दल.

पहिली गोष्ट, मी कुणाला सांगितलं नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. घरात पाहुणे, ह्यांना उगाच काळजी, मुलाची परीक्षा नुकतीच झालेली... आणि खरं कारण वेगळंच. एवढ्याशा तिळासाठी रत्नागिरीला धावतेय असं कुणी म्हटलं तर? आजाराची भीती आणि हसं होण्याची भीती दोन्ही एकदम वाटतात, आणि दुसरीच जास्त बोलू देत नाही.

रात्री तीनला जाग यायची. पुळ्यात रात्री समुद्र मोठ्याने ऐकू येतो. एरवी त्या आवाजाने झोप लागते, तेव्हा उलट व्हायचं. उशाचा फोन घ्यायचा, उजेड कमी करायचा, आणि ‘तळव्यावर काळा तीळ’ शोधायचं. फोनला कुठे माहीत असतं की विचारणारी बाई कोण, तीळ केवढा? तो सगळ्यात वाईट तेच आधी दाखवतो. पहाटेपर्यंत माझ्या मनात माझं सगळं उरकून झालेलं असायचं. कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे द्यायच्या इथपर्यंत! दिवसा तीच तऱ्हा. न्हाणीत, कोठीच्या खोलीत, देवघराच्या मागे, जिथे एकटी असेन तिथे चप्पल काढून बघायचं. शिवणाच्या टेपने मोजायचं. एक दिवस मोजलं तर बघण्याचे प्रसंग अकरा झाले होते. दिवसातून अकरा वेळा बघितलं की कुठलाही तीळ वाढलेलाच दिसतो.

शेवटी न राहवून शेजारच्या काकूंना सांगितलं. त्यांनी लगेच उपाय काढला. चुना आणि सोडा. नाही जमलं तर बिब्बा. चामखिळीला घोड्याचा केस बांधून ती पाडल्याच्या दोन गोष्टीही सांगितल्या. काकूंचा जीव आहे माझ्यावर, पण इथे मात्र हात जोडून सांगते, असलं काही करू नका. बिब्बा, काजू आणि आंबा हे एकाच कुळातले. काजूच्या बीच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी कशी सोलून निघते, आंब्याचा चीक ओठाला लागला की काय होतं, हे कोकणातल्या बायकांना कुणी शिकवायला नको. तिळाला तेच लावलं की वरचा काळा भाग जळून जातो आणि वाटतं, गेला! खाली काय उरलंय ते दिसत नाही. पुढे डॉक्टरकडे गेलो तर तपासायला मूळ तीळच राहिलेला नसतो, भाजल्याचा व्रण तेवढा असतो.

आता तिळाचंच थोडं सांगते, कारण भीती निम्मी अर्धवट माहितीमुळे असते. आपल्या अंगावरचे बहुतेक सगळे तीळ निरुपद्रवी असतात, आयुष्यभर तसेच राहतात. मेलॅनोमा नावाचा त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांच्या देशांत जास्त, आपल्याकडे अगदी कमी आढळतो. पण आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो झालाच तर पुष्कळदा अशा जागी होतो जिथे आपण बघत नाही. तळपाय, तळहात, नखाखाली. जमैकाचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ले याला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. फुटबॉल खेळताना लागलं असेल असं आधी वाटलं. १९७७ मध्ये निदान झालं आणि १९८१ च्या मे महिन्यात, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. आपण नखाखाली काळं दिसलं की ‘दगडावर ठेचलं असेल’ म्हणतो ना, अगदी तसं.

डॉक्टर बघतात त्या गोष्टी आपल्यालाही कळण्यासारख्या आहेत. तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळतात की नाही, कड सरळ आहे की खाल्ल्यासारखी, रंग एकच आहे की काळा-तपकिरी-निळसर मिसळलेला, आकार पेन्सिलीच्या मागच्या रबराहून (म्हणजे साधारण ६ मिलिमीटरहून) मोठा आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तो बदलतोय का. वाढतोय, खाजतोय, रक्त येतंय, जखम भरत नाहीये, किंवा अंगावरच्या बाकी सगळ्या तिळांपेक्षा हा एकटाच वेगळा दिसतोय. एकाच नखावर काळी उभी रेघ नव्याने आली आणि रुंद होत चालली तर तीही दाखवायची. यातलं काही असेल तर मात्र १९ दिवस थांबू नका. पुन्हा फोन करून तसं स्पष्ट सांगा, म्हणजे आधीचा नंबर मिळू शकतो. नाहीतर सरळ जिल्हा रुग्णालयात जाऊन केसपेपर काढा. माझ्या तिळात यातलं ‘नवा आहे’ एवढंच होतं.

तरी झोप येत नव्हतीच! याचं कारण मला पुढे एका वाचनात सापडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २०१६ साली एक प्रयोग झाला. माणसांना कॉम्प्युटरवर दगड दाखवायचे, दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायला सांगायचं. साप निघाला की हाताला विजेचा बारीकसा झटका. ज्यांना झटका बसणारच हे नक्की माहीत होतं त्यांच्यापेक्षा, बसेल किंवा न बसेल असं अर्धं-अर्धं असताना माणसं जास्त अस्वस्थ झाली. घाम जास्त, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. मला तर वाचून हसूच आलं. आमच्या रत्नागिरीत गडग्याचा चिरा उलटताना खाली फुरसं असेल का, या धास्तीने जे होतं ते प्रत्यक्ष फुरसं समोर दिसल्यावर होत नाही. दिसलं की माणूस काठी शोधतो.

म्हणून ‘मन खंबीर ठेव’, ‘पॉझिटिव्ह विचार कर’, ‘काही होत नाही गं’ असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. बोलणाऱ्याला मोकळं वाटतं आणि ऐकणारी आणखी एकटी पडते. काळजी वाटतेय ही तिची चूक नाही. मन असंच बनलेलं आहे. त्याला ‘विचार करू नकोस’ म्हटलं की ते तोच विचार करतं. त्यापेक्षा त्याला वेळ नेमून द्यावी. ही काही माझी अक्कल नव्हे. अमेरिकेतल्या टॉमस बोर्कोव्हेक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच हे मांडलं होतं. रोज एकाच वेळी, एकाच जागी बसून अर्धा तास काळजी करायची, पोटभर करायची. इतर वेळी ती आली की ‘तुझी वेळ पाचची’ असं सांगून परत पाठवायची. भाचीने मला हे सांगितलं तेव्हा मला खूळच वाटलं होतं. पण करून बघितलं.

माझी वेळ संध्याकाळी पाचची, चहाच्या आधीची. जागा देवळामागची प्रदक्षिणेची वाट. पुळ्याचा डोंगरच गणपती मानतात, म्हणून इथली प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालावी लागते. साधारण एक किलोमीटरची वाट आहे, एका बाजूला डोंगर आणि दुसरीकडे समुद्र. देव पावतो की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण काळजी करत चालायला याहून बरी वाट मला माहीत नाही. अनवाणी चालताना तो तळवा पहिल्या दिवशी मी जपून टेकत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की निम्म्या वाटेवरच काळजी संपते आणि उद्या भाजी कुठली हे सुरू होतं. रात्री तीनची जाग सुटली नाही, खोटं कशाला सांगू? पण फोन मी स्वयंपाकघरात ठेवायला लागले. आणि मोजणं थांबवलं. भाचीने सांगितल्याप्रमाणे तिळाशेजारी मुलाची शाळेची पट्टी धरून एक फोटो काढला, तारीख लिहून ठेवली. पुढचा फोटो डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी. मधे बघायचं नाही. हा फोटो डॉक्टरांना उपयोगी पडतो, आपल्या बोटांनी घेतलेलं माप नाही.

ह्यांना सांगितलं ते बाराव्या दिवशी. ते काहीच म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, ‘किती वाजताची एसटी?’ नवऱ्याच्या तोंडून इतकं बरं वाक्य मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. ज्यांच्या घरी सांगण्यासारखं कुणी नसेल, किंवा काळजीने जेवणखाण, झोप सगळंच सुटलं असेल, त्यांनी १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर लावावा. २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरबाईंनी एक दिव्याचं भिंग तळव्याला टेकवलं. डर्मोस्कोप म्हणतात त्याला. मी विचारलं, काय दिसतं? त्यांनी चांगलं समजावलं. तळव्याच्या कातडीवर शेतातल्या सरी-वरंब्यांसारख्या रेषा असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत साचलेला असतो, वाईट असेल तर तो वरंब्यावर दिसतो. माझा होता सरीतच, पण एका कडेला नीट उमगत नव्हतं. ‘या वयात नवा आलाय, काढून तपासायला पाठवू,’ म्हणाल्या. जागा बधिर करून पंधरा मिनिटांत काढला, टाके घातले. म्हणजे आणखी वाट बघणं आलं! पण मी या वेळी शहाणी झाले होते. रिपोर्ट कधी येणार, फोन तुम्ही करणार की मी, आणि त्या दिवसापर्यंत नाही आला तर कुणाला विचारायचं, हे तिन्ही प्रश्न कागदावर लिहून नेले होते. वेळ का लागतो तेही विचारलं. तो तुकडा आधी औषधात मुरवतात, मग मेणात बसवतात, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ चकत्या कापतात, रंग देतात, आणि मग तज्ज्ञ डोळा लावून बघतो. उशीर झाला म्हणजे काहीतरी वाईटच सापडलंय असं आपण धरून चालतो. तसं नसतं. कधी नुसता शनिवार-रविवार मधे आलेला असतो.

मला चीड येते ती दुसऱ्याच उशिराची. डॉक्टरांचे १९ दिवस कॅलेंडरवर दिसतात. आपले दिवस कुणी मोजत नाही. ‘सीझन संपू दे’, ‘गणपती होऊ देत’, ‘मुलीची बारावी आटपू दे.’ भाचीचा फोन आला नसता तर मी नक्की दिवाळीपर्यंत गेले असते. घरातल्या बैलाच्या खुराला काही झालं तर आपण गणपती होईपर्यंत थांबतो का?

नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. साधा तीळ. सासूबाई म्हणाल्या, ‘बघ, मी म्हटलं होतं!’ आणि परदेशवारी गेली म्हणून थोड्या हळहळल्यासुद्धा.

त्याच रात्री भांडी आवरताना धाकटी जाऊ मागे घुटमळत होती. मग दार लोटून घेऊन पाठ फिरवली, पदर बाजूला केला. ‘ताई, बघ गो जरा. इथे हाताला काहीतरी लागतंय. आरशात दिसत नाही.’ किती दिवस झाले विचारलं, तर म्हणाली, होळीच्या आधीपासून. मी मुलाच्या दप्तरातली पट्टी आणली, बल्ब पेटवला आणि फोटो काढला. येत्या गुरुवारी आम्ही दोघी सकाळच्या एसटीने रत्नागिरीला जातोय. दुपारच्या पंगतीचं पुरुषमंडळी बघणार आहेत. आमटीत मीठ किती ते भिंतीवर लिहून ठेवलंय.