आजीचा वाढदिवस ३१ मे?

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाशी माझा छत्तीसचा आकडा. तेव्हा मुद्रितं तपासणाऱ्या सरांची आधीच माफी मागते. पण हा विषय मला मराठीतच सुचला, कारण त्याची सुरुवात माझ्या आजीपासून होते आणि आजीशी इंग्रजीत बोलून चालत नाही!

आम्ही दौंडचे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर आजी चिडलेली. एका कार्यालयातून तिला परत पाठवलं होतं. का, तर दोन कागदांवर दोन जन्मतारखा. एकावर १ जून १९४८, दुसऱ्यावर १ जानेवारी १९४८. "मी एकच हाय ना, मग तारखा दोन कशा?" असा तिचा सरळ सवाल. मी म्हणाले, "अगं, टाईप करणाऱ्याची चूक असेल." इंजिनिअर होऊ घातलेल्या नातीने सगळं त्या न पाहिलेल्या माणसावर ढकललं आणि फराळाचं ताट पुढे ओढलं.

पुढच्याच सेमिस्टरला तसलीच चूक मी स्वतः केली.

आमचा मिनी प्रोजेक्ट होता ज्येष्ठ नागरिकांच्या नोंदणीचा. दुसऱ्या ग्रुपने वेब सर्व्हिस लिहायची आणि आम्ही तिचा क्लायंट. स्क्रीनवर माहिती भरली की ती जावाच्या ऑब्जेक्टमध्ये जाणार, ऑब्जेक्टचं एक्सएमएल होणार आणि ते सोपच्या पाकिटातून सर्व्हरकडे रवाना. (सोप म्हणजे साबण नव्हे, हे फर्स्ट इयरसाठी.)

ऑब्जेक्ट आहे तसाच का पाठवत नाहीत? कारण तो आपल्या मशीनच्या मेमरीत पसरलेला असतो. एक ऑब्जेक्ट दुसऱ्याचा पत्ता धरून बसलेला असतो आणि आपल्या मेमरीतले पत्ते दुसऱ्या मशीनच्या काही कामाचे नसतात. म्हणून सगळी माहिती एका ओळीत लावायची, प्रत्येक तुकड्याला नावाचा टॅग बांधायचा आणि साधा मजकूर करून पाठवायची. याला म्हणतात मार्शलिंग. जावामध्ये हे काम जॅक्स-बी नावाची लायब्ररी करते. २००६ च्या जावा ६ पासून ती जेडीकेमध्येच मिळायची, २०१८ साली जावा ११ मधून काढून टाकली. त्यामुळे लॅबमधल्या जुन्या जावावर धावणारा आमचा कोड हॉस्टेलच्या लॅपटॉपवर 'पॅकेज सापडत नाही' म्हणून रडत होता. लायब्ररी वेगळी आणून जोडायची असते हे समजेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. असो.

फोनवर घरी सांगताना 'मार्शलिंग' हा शब्द तोंडातून गेला आणि आजोबांनी तो उचलला. ते दौंडच्या यार्डात होते. "अगं, आम्ही जन्मभर तेच केलं की! सोलापूरकडच्या वाघिणी, मनमाडकडच्या वाघिणी, सगळ्या उतरायच्या क्रमाने लावायच्या, प्रत्येकीचा नंबर यादीत चढवायचा. आणि एक लक्षात ठेव, रिकामी वाघीण असली तरी ती यादीत रिकामी म्हणून लिहावी लागते. रिकामी वेगळी आणि नसलेली वेगळी."

मी "हो हो" म्हणून फोन ठेवला. तो सल्ला तिथेच मनावर घेतला असता तर पुढचा आठवडा वाचला असता.

कारण एक्सएमएलमध्येही अगदी हेच आहे. ऑब्जेक्टमधलं फील्ड नल असेल तर जॅक्स-बी तो टॅगच लिहीत नाही. रिकामी स्ट्रिंग असेल तर रिकामा टॅग जातो. आणि फील्ड साधा इंट असेल तर? आपण काही भरलं नाही तरी शून्य जातो! आमच्या क्लासमध्ये 'मुलांची संख्या' इंट होती. म्हणजे ज्या आजोबांना आम्ही हा प्रश्न विचारलाच नाही, त्यांना आमच्या प्रोग्रॅमने परस्पर निपुत्रिक करून टाकलं. इंटच्या जागी इंटिजर लिहिलं की नल ठेवता येतं, एवढाच उपाय. पण ते दिसलं कधी? जेव्हा जाणारं एक्सएमएल आम्ही पहिल्यांदा डोळ्यांनी वाचलं तेव्हा. तोपर्यंत क्लायंटचा कोड टूलने तयार करून दिला होता आणि 'सक्सेस' असा मेसेज येत होता, मग बघतंय कोण?

आता मुख्य गोष्ट. टेस्ट डेटा म्हणून मी आजीची माहिती भरली. जन्मतारीख १ जून १९४८. दुसऱ्या दिवशी सर्व्हरवाल्या ग्रुपने स्क्रीन दाखवली, तर तारीख ३१ मे १९४८! दोन्ही ग्रुपमध्ये भांडण जुंपलं. तुमचा कोड चुकला, नाही तुमचा. शेवटी एक्सएमएल उघडून बघितलं. मी जन्मतारखेसाठी जावाचा जुना डेट वापरला होता. त्यात नुसती तारीख राहत नाही, वेळही येते. त्यामुळे पाठवताना १ जून, रात्रीचे बारा, अधिक साडेपाच तास असं गेलं. त्यांचं मशीन चालतं ग्रिनिचच्या घड्याळावर. भारतात १ जूनची मध्यरात्र होते तेव्हा तिथे ३१ मेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. त्यांनी वेळ कापली, तारीख ठेवली. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी बरोबर आणि आजीच्या नावावर तिसरी जन्मतारीख तयार!

दुरुस्ती सोपी होती. वेळ आणि टाईम झोन न लावता नुसती तारीख पाठवायची, तसा प्रकार एक्सएमएल स्कीमामध्ये आहेच. पाच मिनिटांचं काम. पण मला झोप येईना. कार्यालयातून रिकाम्या हाताने परत येणारी आजी डोळ्यांसमोर येत होती. आमचा प्रोजेक्ट खरा असता तर तिला आणखी एकदा परत पाठवणारी मीच असते, आणि तिच्या नातीने पुन्हा म्हटलं असतं, 'टाईप करणाऱ्याची चूक असेल.'

मग मी आजीलाच विचारलं, "आजी, तुझी खरी तारीख कोणती?" ती हसायला लागली. "मला काय ठावं! शाळेत घालताना गुरुजींनी जून लिहिला." आपल्याकडे त्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस १ जूनला असतो बघा. शाळा जूनमध्ये उघडते, वय बसायला पाहिजे, म्हणून गुरुजी १ जून लिहायचे. म्हणजे मी ज्या तारखेसाठी भांडले, ती मुळात अंदाजे होती! पण माझ्या क्लासमध्ये 'अंदाजे' लिहायला जागाच नव्हती. जन्मतारीख 'रिक्वायर्ड' होती. दिवस, महिना, वर्ष, तिन्ही हवेत, नाहीतर फॉर्म पुढे सरकत नाही.

माझं मत असं आहे की जिथे माणसाला उत्तर माहीत नसण्याची शक्यता आहे तिथे आपण 'रिक्वायर्ड' लिहितो, तेव्हा त्याला खोटं बोलायला भाग पाडतो. आणि ते खोटं पुढे प्रत्येक मशीनवर खरं म्हणून फिरत राहतं.

हे टाळता येतं, आणि टाळलेलं आहे. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्या आधारच्या पडताळणीसाठी जे एक्सएमएल ठरवलं गेलं, त्याचं वर्णन मी वाचलं. त्यात जन्मतारखेऐवजी नुसतं वर्ष पाठवता येतं. तारखेचा प्रकार सांगायला वेगळी जागा आहे: पडताळलेली, सांगितलेली किंवा अंदाजे. भारतीय भाषेतल्या नावालाही जागा आहे. म्हणजे कोणीतरी टेबलाशी बसून विचार केला होता की या देशात सगळ्यांकडे जन्माचा दाखला नसतो. इतकंच कशाला, २००१ सालच्या एक्सएमएल स्कीमामध्येही 'फक्त वर्ष' असा प्रकार आहे. सोय होती. आम्हीच वापरली नाही, कारण आम्ही ती वाचलीच नाही.

माझी रूममेट म्हणते, "एक्सएमएल आता कोण वापरतं? सगळीकडे जेसन आहे. आणि कोड तर एआय लिहून देतो." पहिलं म्हणजे, ही बाई कॅन्टीनमध्ये रोज चहाचे पैसे ज्या यूपीआयने देते, ते २०१६ साली सुरू झालं आणि बँका व एनपीसीआय यांच्यामधले त्याचे संदेश एक्सएमएलमध्येच ठरवलेले आहेत. दुसरं, जेसनमध्ये तर तारखेचा स्वतंत्र प्रकारही नाही, म्हणजे घोळाला जागा जास्तच. आणि तिसरं, एआय मार्शलिंगचा कोड लिहून देईल, चांगला देईल. पण माझ्या आजीची तारीख गुरुजींनी लिहिली हे त्याला कोण सांगणार? ते आपल्यालाच विचारावं लागणार, आणि त्यासाठी आपली भाषा आली पाहिजे. हे कॉन्व्हेंटची मुलगी लिहिते आहे, म्हणजे बघा!

तेव्हा मित्रांनो, सबमिशनच्या आधी दोनच गोष्टी करा. सर्व्हरकडे जाणारं एक्सएमएल एकदा कागदावर प्रिंट करून ओळ न ओळ वाचा. आणि टेस्ट डेटा म्हणून 'एबीसी', 'एक्सवायझेड' भरण्यापेक्षा आपल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची माहिती भरा. जिथे अडेल, तिथे तुमचा क्लास चुकलेला आहे.

आम्ही तारखेशेजारी 'प्रकार' नावाचं एक फील्ड वाढवलं. आजीला फोन करून सांगितलं, "तुझं आता १९४८, अंदाजे, असं लिहिलंय." ती म्हणाली, "हां, हे बरोबर हाय. आता त्या सायबाला पण सांग."